मागे जायला जागा

उदगीर. डाळमिलच्या मागची गल्ली.
मुजम्मिलनं कॅबिनेट उघडून फुंकर मारली,
तुरीची पिवळी भुकटी माझ्या टेबलभर.
"बारा वर्षं झाली, मॅडम. आता ह्याला आजोबा म्हणा."

सोमवारी नवा प्रिंटर बसवला
आणि पत्रिकांतली सगळी अक्षरं फुटली.
'श्री'च्या जागी चौकोन,
नवरीच्या नावात तीन चौकोन.
म्हटलं, ह्याला रविवारवर नेऊन ठेव, झालं.

त्यानं यादी उघडली. यादी कोरी.
रविवार नाही, दिवाळी नाही,
मागं जायची एकही खूण नाही.
व्हायरस नाही. सर्व्हिस चालू. घड्याळ बरोबर.
"कुणी पुसलं?"
माझा संशय सरळ भाच्यावर.

तो बोलला नाही. एक पट्टी दाखवली:
गेल्या दिवसांसाठी राखलेली जागा,
एक टक्का.
"हे इतकं कमी कुणी केलं की?"

मीच.
ऐन लग्नसराईत डिस्क लाल झाली होती,
पत्रिका सेव्ह होईना,
काउंटरला वरबाप ताटकळलेला.
बसमध्ये म्हणतो ना, जरा सरका,
तशी ओढली पट्टी डावीकडं.
मला वाटायचं, मागचं मागं असतंच,
फुकटात.

पट्टी त्यानं दहावर आणली.
मी चारशे जुनी लग्नं एकेक करून उडवली;
त्यातल्या काहींची लेकरं शाळेत जातात आता.
फॉन्ट त्यानं हातानंच परत बसवला.

नवी खूण करताना विचारलं, नाव काय देऊ?
लाईट होती. 'श्री' नीट दिसत होता.
"टाक," म्हटलं,
"मंगळवार, साडेचार, चालू हालतीत."