वारुळाची माती

मी चर्चचा माणूस नाही.
पाद्री ओर्लांदनं मला नेलं, कारण दिवाडीत
बांधाला मानस बसवणारा आता मी एकटाच.
म्हणाला, सगुण, प्रार्थनेला बसू नकोस हवं तर,
फक्त हा पिवळा टी-शर्ट घाल.

आम्ही अकरा जण. दोन गिटार,
जुन्या चष्म्यांचं एक खोकं,
माझ्या पिशवीत कोरगुटाचं दोन किलो बी.
ते मापुतोच्या विमानतळावर
हातमोजे घातलेल्या मुलीनं निळ्या पिंपात ओतलं.
पावती दिली. अजून आहे माझ्याकडे.

मग दोन दिवस बस, मग होडी.
गाव नदीच्या तोंडाशी, भातात समुद्र शिरलेला.
बोलायला एकटी परपेतीन:
साठ वर्षं ट्रंकेत पडलेलं शाळेतलं पोर्तुगीज
तिनं तिथं बाहेर काढलं,
डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं,
आणि ते चाललं.

मी बांध घातला आमच्यासारखा.
चिखल, पेंढा, पायांनी तुडवून.
तिसऱ्या रात्री पुनवेची भरती आली
आणि सकाळी बांध नव्हता.

बायका काठावर उभ्या. हसलं कुणी नाही.
झुल्मिरा नावाची एक खाली उतरली,
उरलेल्या चिखलाचं बोट जिभेवर ठेवलं
(माझा बाप ठेवायचा तसंच, डोळे मिटून),
थुंकली, काहीतरी बोलली.
परपेतीननं सांगितलं:
“म्हणते, तुझ्या मातीत लाळ नाही.”

मग त्यांनी मला एका वारुळापाशी नेलं.
दीड पुरुष उंच. हातात कुदळ दिली.

आता हे कसं सांगू.
आमच्याकडे वारूळ म्हणजे सातेरी.
गाभाऱ्यात मूर्ती नाही, तीच आहे, मातीची,
वाढत राहते,
आजोबांच्या वेळचं लुगडं तिला आता पुरत नाही.
आई मला वारुळाच्या सावलीवर
पाय ठेवू द्यायची नाही.

हात वर जाईना.
पाद्री घड्याळ बघत होता, पोरं मोबाइल धरून उभी.
परपेतीन आली. सपाता काढल्या.
गळ्यातला खुरीस ब्लाउजात सोडला
आणि कानाशी, आपल्या कोंकणीत:
माझी आजी फेस्ताच्या आदल्या रात्री
वारुळाला तेल घालायची.
पाद्रीला सांगू नको.
आणि आई पाणी अडवायला निघालीय रे,
तू नुसतं दार उघड.

मी घाव घातला.
आत गार. ओली. गोठ्यासारखा वास.
वाळवी मनगटावर चढली, चावली नाही.
झुल्मिरानं एका बाजूनं रेघ मारून दिली:
इथून पुढं नाही. तिथं राणी राहते.

तो बांध टिकला.

परत आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये पडद्यावर फोटो.
एकात मी, कुदळ उगारलेला,
खाली अक्षरं: सगुण प्रशिक्षण देताना.
टाळ्या. चहा, बटाटवडे.
परपेतीन दुसऱ्या रांगेत
स्वतःच्या पायांकडे बघत बसलेली.
मीही काही बोललो नाही.

हॉलच्या खिडकीतून आमचं खाजन दिसतं.
अकरा वर्षं पाण्याखाली.
मधोमध खारफुटी माजलीय, तिच्यात बगळे.
बांधाच्या सभेला माणसं भरत नाहीत:
एक भाऊ लिस्बनला, दोघे स्विंडनला,
एकाच्या नावावर जमीन, तो वारलेला.
आणि मी बांध घालून आलो आफ्रिकेत.

काल उन्हं कलल्यावर
फेरी धक्क्यामागच्या वारुळाशी गेलो.
कुदळ, आणि बाटलीत खोबरेल.
आधी तेल घातलं. बसलो.
शेवटची फेरी पलीकडे गेली तरी बसलोच होतो.

मागून सपाता वाजल्या, मग थांबल्या.
डोक्यावर रिकामी पाटी घेऊन परपेतीन,
धापा टाकत, अनवाणी.
म्हणाली, घाई करू नको.
राणी कुठं राहते
ते आधी बघ.