दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात.
आमच्या बेटावर भरत असे, थोडंफार.
वारा पडला की खलाशी डेकवर बसत,
देवमाशाचा दात मांडीवर घेत,
शिडं शिवायच्या सुईनं रेघा ओढत,
रेघांत दिव्याची काजळी चोळत,
आणि बंदराला लागले की विकून दारू पीत.

एकानं विकला नाही.
त्या दातावर एक बाई. डोक्याला रुमाल,
डावी भुवई किंचित चढलेली,
जणू कुणीतरी उशिरा घरात शिरतंय.
खाली नाव नाही, साल नाही, जहाज नाही.
म्युझियमच्या पाटीवर तीन ओळी,
तिन्हींत 'अज्ञात'.

मी देओलिंदा. दुसऱ्या दालनाच्या दारातली खुर्ची माझी,
एकतीस वर्षं.
डोळ्यांत तेल घालून पहारा दे, म्हणाल्या होत्या दोना युफ्राझिया,
आणि तेलाला काय तोटा,
माझा बाप, आजा, अख्खं गाव
देवमाशाच्या तेलावरच वाढलेलं.
पण खरं सांगते, मी माणसांकडे बघत असे.
खिसे, ओल्या छत्र्या, पोरांची चिकट बोटं.
तिच्याकडे नाही.
ती गेली त्या मंगळवारी
इन्स्पेक्टरनं विचारलं, ओठ कसे होते तिचे?
आणि माझी दातखिळी बसली.

कुलूप शाबूत. काच शाबूत.
धुकं एवढं, की दोन दिवस विमान उतरलं नाही, बोट सुटली नाही.
म्हणजे चोर बेटावरच.
लिस्बनहून आलेला व्हिलारिन्यो
आठवडाभर आमच्या बोटांचे ठसे घेत राहिला.
ती शाई नखांतून जाता जाईना,
काजळीसारखी.
पाद्री म्हणाला, परक्या नौकेवरचे लोक.
मासळीवाली मर्सियाना म्हणाली, माझा नवरा,
पण ती सगळ्याच गोष्टींना तेच म्हणते.
शाळामास्तर म्हणाले, विम्यासाठी केलं असेल.
विमा नव्हताच.

मग लोक यायला लागले.
ती असताना भर उन्हाळ्यात दिवसाला नऊ,
ती नसताना दारापर्यंत रांग.
पेटीतली मखमल उन्हानं विटलेली,
मधोमध फक्त तिच्याएवढा तुकडा
पहिल्या दिवसासारखा लाल.
वाकून बघत, सुस्कारे टाकत,
आणि निघताना मलाच विचारत: गेली कुठे?
जसं काही मी तिची आई.

एकच जण विचारत नाही.
पलीकडच्या उतारावर गाई राखणारा तिबुर्सिओ.
द्राक्षं तोडून झाली की वर्षातून एकदा येतो,
तिकिटाचे पैसे सुटे मोजून देतो,
टोपी काढतो.
पेटीकडे बघतसुद्धा नाही.
पाटीपुढे उभा राहून, ओठ हलवत,
बोट न लावता वाचतो:
अज्ञात. अज्ञात. अज्ञात.
आणि शिंक दाबावी तसं काहीतरी दाबतो.
यंदा टोपी घालताना
कुणाची तरी चाहूल लागली म्हणून वळला,
आणि त्याची डावी भुवई…

मी खुर्चीतून उठले.
पुन्हा बसले.
व्हिलारिन्योचं कार्ड अजून आहे माझ्या पर्समध्ये,
कडा कापडासारख्या मऊ झाल्यात.
काही आठवलं तर कळवा, म्हणाला होता.
आठवलं नाही काही. दिसलं.
दिसल्याचं तो बोलला नव्हता.

त्याच्या घरात एक आजारी बहीण आहे,
हे गावात सगळ्यांना ठाऊक.
म्हणून विचारलं, तर कुणाला काही वाटायचं कारण नाही.
मी म्हटलं, कशी आहे आता?
तो दारात थांबला. बंदराकडे बघत म्हणाला,
गारठा वाढलाय.
चुलीजवळ ठेवतो.

त्या दिवशीच्या रजिस्टरात, माझ्याच अक्षरात:
अभ्यागत एक.
विशेष काही नाही.