खाचा

ती मुलगी आली तेव्हा मी टोकनं पुसत होतो.
पितळी आहेत, एक ते चाळीस.
बावीस नंबर कधीचा हरवलाय,
म्हणून आमच्याकडे एकवीसनंतर तेवीस येतो.
हे तिला आधीच सांगून ठेवलं.
तिने लिहून घेतलं.

टेंभीपाड्याच्या चढावर, पिठाच्या गिरणीला लागून
तेरवणकर बाईंचा दवाखाना.
तीन दिवस बसणार होती ती कोपऱ्यातल्या स्टुलावर,
हातात टॅब, टॅबमध्ये घड्याळ.
पेशंट बसला की बोट लावायचं,
उठला की बोट लावायचं.
डॉक्टरांच्या कामाचा भार मोजायचाय, म्हणाली.
मी विचारलं, किलोत की लिटरात?
हसली. पोर चांगली होती.

मोजण्यातलं थोडं मलाही कळतं.
मिक्श्चर होतं तेव्हा बाटलीला मी
कागदाची पट्टी चिकटवायचो, कात्रीने खाचा पाडून.
एक खाच, एक डोस.
अगदी सारख्या पाडायचो.
तरी घाडीगावकरीण दुसऱ्याच दिवशी
रिकामी बाटली घेऊन दारात.

नऊ सत्तावीसला चेंदवणकर उठले. गुडघा.
तीन मिनिटं पन्नास सेकंद.
दारापर्यंत गेले, कडीला हात घातला,
आणि कडीकडेच बघत म्हणाले,
बाई, लघवीतून रक्त जातंय. महिना झाला.

मुलीचं बोट हवेतच.
काका, हे नवीन पेशंट धरू की तेच?
मी काय सांगणार.
दार आतून लावून घेतलं.

तिच्याकडे कारणांची यादी होती,
ताप, खोकला, साखर, प्रेशर, शेवटी ‘इतर’.
दुपारपर्यंत ‘इतर’ एवढं वाढलं
की ती स्वतःशीच पुटपुटायला लागली.
बिल्किस बँकेचं पत्र वाचून घ्यायला आली होती.
कुणी दिराचा एक्स-रे मोबाइलवर आणला होता,
दीर चिपळुणात.
एकजण नुसताच बसला, पंख्याखाली,
बाईंनी त्याला बसू दिलं.
जेवण अकरा मिनिटं, त्यात दोन फोन.
फोनला रकानाच नव्हता.

दुसऱ्या रात्री पावणेदोनला वरच्या वस्तीत जावं लागलं,
दाखला लिहायला.
एकशे बारा पायऱ्या. मी बॅटरी धरून पुढे,
बाई मागून, दर वीस पायऱ्यांवर थांबत.
गेलेला केव्हाच गेला होता, मलाही दिसत होतं.
तरी बाईंनी मनगट हातात घेतलं
आणि धरून ठेवलं,
मुलगा बघत होता तोवर.

सकाळी मुलीला सांगितलं.
ती म्हणाली, काका, आमचा अभ्यास नऊ ते नऊच आहे हो.
मग जरा वेळाने,
किती वेळ धरलं होतं?
माझ्याकडे घड्याळ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेवटचा पेशंट गेला.
ती टॅब आवरायला लागली तर बाई म्हणाल्या,
इकडे ये. मान वर कर.
हे पाणी घे. गीळ बघू. परत.
हे कधीपासून आहे तुला?
मुलगी म्हणाली, काय?
बाईंनी तिचंच बोट धरून तिच्याच गळ्यावर ठेवलं.

मग झोप, पाळी, घरी कोण कोण,
आईला होतं का असं,
नोकरी कायम आहे की कंत्राटी.
मी शटर अर्धं ओढून बाहेर उभा.
आत स्टुलावर घड्याळ चालूच होतं,
कुणी बोट लावलंच नव्हतं.
पुसून टाकीन, म्हणाली जाताना,
हे धरता येत नाही.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, स्पायरल लावलेला.
सरासरी चार मिनिटं अकरा सेकंद.
बाईंनी चष्मा वर केला.
चार? एवढा वेळ देते मी?
आणि बीपीचा पट्टा शोधायला लागल्या.

मागे सगळ्या नोंदींचा तक्ता होता, टोकनवार.
मी बोट ठेवत ठेवत खाली गेलो.
तिसरा दिवस. वीस. एकवीस.
बावीस: एकोणीस मिनिटं. कारण, इतर.

बाहेर बाक भरला होता.
वही मिटली, पितळ वाजवलं,
तेवीस, म्हणून हाक मारली.