रसद

फहाहीलला, शुक्रवारी दुपारी, तिसऱ्या मजल्यावर
जेवणाचं टेबल पुसून आम्ही रशिया पसरतो.
षटकोनी घरांचा नकाशा, घडीवर फाटलेला,
नीपर नदीला सेलोटेप.
बाहेर एकोणपन्नास अंश.
पटावरचा बर्फ सातव्या फेरीला पडेल,
तसं नियमातच लिहिलंय.

चढाई माझ्याकडे. मला चढाई आवडते.
चिमट्याने रणगाडे उचलायचे, दोन घरं, चार घरं,
स्मोलेन्स्क गेलं,
कुरियन फासे आपटतो आणि मल्याळममध्ये
माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतो.

पेंडुरकर कुणाकडूनच खेळत नाहीत.
बत्तीस वर्षं रिफायनरीच्या कोठारात
गास्केट नि व्हॉल्व्ह मोजलेला माणूस,
बोट टेकवत टेकवत दोघांची रसद तपासतो.
"पुढे गेलीस खरी. मागे बघ."
मागे रेल्वेचा फाटा एका घराने हुकलेला.

रसद तुटली की सोंगटी उलटी करायची.
पाठीवर तेच चित्र, जरा फिकट, आकडा निम्मा.
पुढच्या फेरीतही वाट नाही सापडली
तर उचलून डबीत.
डबी बिस्किटांची. झाकण घट्ट बसतं.

व्याझ्माजवळ एका मोकळ्या घरात
त्यांनी खजुराची बी ठेवली आहे.
"ही कोणाची?"
"असू दे."
दर फेरीला तिचीही रसद मोजतात,
कुठून कुठवर, ते सांगत नाहीत.

एकदा विचारलं मी, नव्वद साली इथेच होतात ना?
फासा मुठीत खुळखुळत राहिला.
"होतो."
मग एसीचं पाणी बादलीत ठिबकताना ऐकलं आम्ही तिघांनी,
कुरियनसुद्धा गप्प.
"सोळा माणसं, एक टाकी. पीठ संपलं तेव्हा
वरच्या मजल्यावरची म्हातारी दोरीने खजूर सोडायची.
रस्त्यात रणगाडे. आमच्याकडे बघतसुद्धा नव्हते.
आम्ही थोडेच पटावर होतो."
आणि लगेच, "चाल तुझी आहे, पोरी."

नियम चाळून बघितले. बीबद्दल एक ओळ नाही.
तिच्यावरून सरळ जाता आलं असतं,
मॉस्को तिथून चार घरं.

मी खालून वळसा घेतला.
दोन फेऱ्या जास्त गेल्या.
"बर्फ!" कुरियन ओरडला, टाळी वाजवून,
आणि पेंडुरकर चष्मा पुसून
माझ्या सोंगट्या एकेक उलट्या करू लागले.