गळ्याखालचं पांढरं

आधी तुझी डावी पापणी उतरली.
सकाळी जागेवर, दिवेलागणीला खाली,
एक खिळा निखळलेल्या फळीसारखी.
मी म्हटलं, हानुस, झोप पुरत नाही तुला.
मग स्कालावीकच्या बंदरावर
दोन-दोन चंद्र दिसायला लागले,
आणि वाळवलेलं मटण चावता चावता
तू जबडा हातानं धरून बसलास,
जणू तो शेजाऱ्याकडून मागून आणलाय.

तोर्शाव्हनच्या डॉक्टरीणबाईंनी
पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली. दोन मिनिटं.
काढली, तर डोळा टक्क उघडा!
आपण हसलो.
त्या हसल्या नाहीत. छातीचं स्कॅन लिहून दिलं.

कोपनहेगनला सर्जननं पेननं चित्र काढलं:
हृदयाच्या वर, हाडाच्या मागे, वेडंवाकडं पान.
म्हणाला, थायमस. लहानपणी मोठी असते,
रक्तातल्या शिपायांची शाळा.
पुढे शाळा ओस पडते, चरबी उरते.
तुमच्या ओस शाळेत गाठ आहे.
दुर्मीळ. वर्षाला दहा लाखांत दोन-तीन माणसं.

तू बोटांवर हिशेब मांडलास,
आपली सगळी बेटं मिळून पंचावन्न हजार.
"म्हणजे आमच्याकडे सात-आठ वर्षांतून एकदा," म्हणालास,
"यंदा माझी पाळी."
मग चित्रावर बोट ठेवलंस:
"हिला ओळखतो मी.
ऑक्टोबरात कोकरू सोलताना गळ्याखाली सापडते,
पांढरी, सायीसारखी मऊ.
म्हाताऱ्या मेंढीत शोधूनही मिळत नाही.
आम्ही ती कुत्रीला टाकतो."
सर्जननं पेनाला टोपण घातलं.

केमोचे चार फेरे.
जूनमध्ये मेंढ्यांची लोकर हातानं ओढतो आपण,
तशी तुझी दाढी उशीवर आली.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री
हाड करवतीखाली कसं वाजतं ते तू मला सांगितलंस.
मी ऐकायला नको होतं.
सहा तास ते एवढंच ऐकत होते,
कॉफीच्या यंत्राशेजारी, परक्या चपलांत.

गाठ निघाली. एका कडेला फुप्फुसाला चिकटली होती,
म्हणून तिथं किरण दिले, पंचवीस दिवस.
तुझ्या छातीत आता पोलादी तारा आहेत.
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही,
म्हणजे एक कोकरूसुद्धा नाही.

ऑक्टोबरात पुतण्यानं सुरी घेतली.
तू पालथ्या बादलीवर बसून चुका काढत होतास.
त्यानं गळ्याखालून ते पांढरं ओढलं,
कुत्री शेपूट हलवत पुढे आली,
आणि तू म्हणालास, थांब.
तळव्यावर घेतलंस. वाफ निघत होती.
मला वाटलं आता काहीतरी बोलशील.
तू टाकलंस. तिनं गिळलं.
हात पुसलेस.

पुढचं स्कॅन जानेवारीत.
दिवा मालवायच्या आधी मी तुझ्या पापणीकडे बघते,
तुला कळू न देता, असं मला वाटतं.
तू डोळे मिटूनच विचारतोस,
"घरात बर्फ आहे ना?"