अशी कुणी आहे म्हणे

हुसाविकच्या मासळी कारखान्यात
पाचला दिवे लागतात, उजेड अकराला येतो.

नवा पोरगा, हातमोजे उलटे घातलेला,
स्टेनवोरलाच सांगत होता:
इथे म्हणे कुणी स्टेनवोर आहे.
पट्टा अडकला की ओरडत नाही,
आधी सगळ्यांची बोटं मोजते.

ती गप्प.

तिला आठवला तो फेब्रुवारी.
दोन टन कॉड नासला होता,
शीतगृहाचं दार रात्रभर सताड.
चुकांच्या वहीत स्काफ्टीचं नाव सहज खपलं असतं,
तो तसाही दारूसाठी बदनाम.
तिने स्वतःचं लिहिलं.
पेन गोठलेलं, तीनदा गिरवावं लागलं.

पगार कापला गेला.
बढती आली चार वर्षांनी,
केक कुठला होता तेही कुणाला आठवत नाही.

"ओळखतेस तिला?" पोराने विचारलं.
"थोडीफार."
तिने त्याचे मोजे सुलटे करून दिले
आणि पट्ट्याकडे निघाली,
गुडघा ठणकत होता तरी
त्या बाईला शोभेल इतपत
ताठ.