शेरा

सावरटोल्याच्या शाळेत शिबिर होतं.
चौथीच्या वर्गात तक्ता टांगला,
सहा मीटर मोजून खडूची रेघ मारली,
रजिस्टर उघडलं:
नाव, वय, उजवा, डावा, शेरा.

फुलवंता वलथरे, अडुसष्ट. डावा पिकलेला.
तिनं रेघेवर पाय जुळवले
आणि वाचायला लागली:
डाडक. शिंगूर. बोटरी. झिंगा.
आजी, अक्षरं येतात का वाचता?
"अक्षरं कोनाले येतेत बाबू,
मी त दिसते थे सांगतो."
शेवटच्या ओळीला थांबली.
"हे लायनी हायेत. वर येऊ द्या, मंग सांगतो."

रांगेत कुणी हसलं नाही.
गावात दोन तलाव, तरे म्हणतात इथं.
एक नकाशातला, पाळीवर ऐनाची झाडं.
दुसरा त्याच्या खाली, उताणा;
तिथले ढिवर आपल्या बाजूला जाळं फेकतात
आणि एखाद्या रात्री
आपल्याकडे चांदण्या कमी भरतात.
ग्रामसेवकाची यावर हरकत नव्हती.
त्यानं एवढंच विचारलं,
खालच्या तलावाचा लिलाव
कोणत्या खात्यात दाखवायचा.

शेऱ्यात मी 'निरक्षर' लिहिलं. मग खोडलं.
बोटांनी दिशा दाखवायचा तक्ता लावला.
तिनं दर वेळी खालीच दाखवलं.

गोंदियाला ऑपरेशन झालं. भिंग साडेएकवीसचं.
पट्टी सुटली तशी तिनं
नर्सच्या बांगड्या मोजल्या,
पंख्यावरची धूळ दाखवली,
पाल दाखवली, पालीचं तुटलेलं शेपूट.
डॉक्टर खूश.
ती म्हणाली, "साफ दिसते.
बाकीचं कोठी ठेवलं?"

बावीस वर्षं लोकांना सांगतोय:
मोतीबिंदू म्हणजे काचेवरची वाफ.
पुसली की बाहेरचं दिसतं.
त्या वाफेवर आधीच कुणी
बोटानं काही काढून ठेवलं असेल,
हे मी कधी
कुणाला विचारलं नाही.
रजिस्टरात तसा रकानाही नाही.

महिन्यानं तपासायला गेलो.
डोळा उत्तम. लाली नाही, पाणी नाही.
तिनं बिनदुधाचा चहा दिला
आणि सांगितलं, काढलेला मोतीबिंदू
ती मागून घेऊन आली होती, माचिसच्या डबीत.
तऱ्यात सोडला.
"त्याचा होता, त्याले देल्ला."
एवढं बोलून कोंबड्या हाकलायला उठली.

येताना पाळीवर गाडी थांबवली.
चष्मा काढला, पुसायला म्हणून.
माझा नंबर उणे सहा;
चष्म्याविना झाडं, पाणी, आभाळ
सगळी एकाच हाताची.
कुणीतरी जाळं झटकलं.
शर्टावर चार थेंब पडले,
पडले म्हणजे
खालून आले.

चष्मा परत घालायला
मी जरा वेळ लावला.